कडुनिंबाचा बैल कडू लागतो का?

मंडळी, आज आमच्या घरात सगळ्यांनी लाकडाचा बैल चाटला. हसू नका, ऐका.

नातीला दात येऊन राहिलेत. दिसंल ते तोंडात घालते. म्हणून स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक उभ्या पात्याच्या मशीनवर, तिच्यासाठी कडुनिंबाचा छोटा बैल कापला. शिंगं पॉलिश पेपरनं घासून गोल केली. व्हार्निश पोटात जाईल म्हणून घाण्यावरचं जवसाचं तेल लावलं आणि आठवडाभर वाळवलं.

आज पोरीनं बैल तोंडात घातला आणि असं तोंड केलं की बस्स!

बायकोनं चाटून बघितला. "कडू! कडुनिंब कडूच असणार, एवढंबी कळंना का तुम्हाला?"

सुनेचे वडील उमरीहून आले होते. व्याहीच ते! चाटून, तोंड वाकडं करून म्हणाले, "छे हो, लई चांगला हाय की!"

मला राहवेना. त्याच फळीचा उरलेला कोरा तुकडा चाटला. कडूपणाचा पत्ताच न्हाई! म्हणजे कडू होतं तेल, आणि बोलणी खाल्ली कडुनिंबानं.

आता नवा बैल कापतो. त्याला करडईचं तेल चालंल का? का कोराच ठेवू? सांगा, पण आधी स्वतः चाटून बघा. व्याह्यांना चाटायला लावू नका.