कोरं स्पूल

आज एका जुन्या टेपरेकॉर्डरच्या हेडवर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्या वासासरशी सिरोंच्याकडच्या त्या बाई समोर येऊन बसल्या.

खूप वर्षं झाली. माझ्या चंद्रपूरच्या दुकानात त्यांनी स्पूलवाला टेप लुगड्यात बांधून आणला होता. स्पूलवर त्यांच्या वारलेल्या आईचं धानाच्या रोवणीचं गाणं होतं. मी बेल्ट बदलला, हेड पुसलं आणि रेकॉर्डिंग होतं का ते बघायला, हाताच्या सवयीनं, त्यांच्याच स्पूलवर बटण दाबून बोललो, "हॅलो, एक, दोन, तीन."

मग सुरुवातीपासून वाजवलं. आधी माझा आवाज आला, मग अर्ध्या ओळीतून गाणं.

"गाण्याच्या पयले आईनं आपलं नाव-गाव सांगतलं होतं, भाऊ. ते कुठी गेलं?"

"पुसलं गेलं," मी म्हणालो.

त्या रडल्या नाहीत. "गाणं तं हाये ना," म्हणत त्यांनी टेप पुन्हा लुगड्यात बांधला. मलाही काही वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

फक्त टेप तपासताना मी आता आकडे म्हणत नाही. कोरं स्पूल लावतो आणि नाव-गाव सांगतो. माझंच. त्यांच्या आईचं मी विचारलंच नव्हतं.