फोटो काढले, आता पैसे काढा

दीपमाला वानखेडेचा राग कंपनीत सगळ्यांना माहीत होता. येरवड्याच्या त्या आयटी पार्कात ती दाराशी उभी असायची. येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींच्या बॅगा तपासायच्या, एवढंच काम. पण कोणी फोनवर बोलत बोलत बॅग तिच्या अंगावर ढकलली, तर ती बॅग तशीच हातात धरून उभी राहायची. बोलणं संपेपर्यंत तपासायची नाही आणि परतही द्यायची नाही. मागे रांग खोळंबायची. एकदा एकीने तक्रार केली, तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, बॅग तपासायला ठेवलंय मला. खुंटी म्हणून नाही."

वाशीम सोडून तिला अकरा-बारा वर्षं झाली होती. नवरा शंभू खडकीत एका वर्कशॉपात कंत्राटावर होता आणि दोघं बोपोडीत एका खोलीत राहायची. मूलबाळ नव्हतं. पुण्यात आल्यावर तिने आपली बोली घडी घालून ठेवून दिली होती, कारण गेटवर 'मले' म्हटलं की लोक हसायचे. मात्र राग आला की घडी आपोआप उलगडायची. सुपरवायझर हिंमतराव म्हणायचे, "दीपमाला 'काहून' म्हणाली की आपण दोन पावलं मागे सरायचं." हिंमतराव पलटणीतून निवृत्त झालेले होते. मागे कधी सरायचं ते त्यांना कळत होतं.

कंपनीत पिक्सेल आला तेव्हा दिवस चांगले होते. रोज नवी भरती, रोज केक. एचआरच्या पूर्णिमा मॅडमनी रिसेप्शनच्या बाजूला एक कोपरा सजवला. रंगीत गाद्या टाकल्या, कॅरम ठेवला आणि मधोमध मोठ्या पिंजऱ्यात एक गिनीपिग. पांढरा, पाठीवर तांबूस पट्टा. कामाचा ताण आला की लोकांनी त्याला मांडीवर घ्यायचं म्हणे. नाव ठेवायला सगळ्यांनी मतं दिली आणि 'पिक्सेल' निवडून आला. दीपमालाला त्या नावाचा अर्थ कोणी सांगितला नाही, तिनेही विचारला नाही. पिग म्हणजे डुक्कर एवढं तिला कळत होतं, आणि हे डुक्कर कुठल्या बाजूने, हे कळत नव्हतं.

पहिलं वर्षभर त्या कोपऱ्यात जत्रा असायची. मुलं-मुली त्याला गालाशी धरून फोटो काढत. कॅन्टीनमधून येता-जाता पालकाच्या जुड्या आणून घालत. पालक पुढे केला की तो शिट्टीसारखा ओरडायचा आणि सगळे हसायचे.

मग अमेरिकेत कुठल्या तरी बँका बुडाल्या आणि येरवड्यात माणसं जाऊ लागली. सकाळी कामावर आलेली मुलगी दुपारी हातात खोका घेऊन गेटवर यायची. त्या खोक्यात कप, देवाची तसबीर, चपला. तिच्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घ्यायचं काम दीपमालाकडे होतं. एका मुलीच्या केसांत ती दोरी अडकली, ती सोडवताना मुलगी रडायला लागली. दीपमालाने दोरी सोडवून ओळखपत्र काढून घेतलं. त्या दिवशी घरी येऊन तिने शंभूशी विनाकारण भांडण काढलं.

त्या कोपऱ्यात आता कोणी बसेना. बसलेला दिसला तर त्याला काम नाही असं वाटायचं. पिंजरा साफ करणारी चंद्रभागा एवढीच पिक्सेलकडे जायची. तीच एक दिवस गेटवर आली. म्हणाली, "दीपे, त्याच्या खालचा पेपर लाल होतोय गं."

दीपमाला जेवणाच्या सुट्टीत बघायला गेली. पिक्सेल पाठीची कमान करून कोपऱ्यात बसला होता. थोड्या वेळाने त्याने अंग ताणलं आणि बारीक, लांब असा आवाज काढला. पालक बघून काढायचा तो हा नव्हे. कागदावर दोन थेंब पडले, गुलाबी. तो पुन्हा ताणू लागला, पुन्हा ओरडला. रिसेप्शनवरच्या मुलीने कानात हेडफोन घातला.

दीपमाला तशीच पूर्णिमा मॅडमच्या केबिनकडे गेली. मॅडमनी स्क्रीनवरून नजर न काढता सांगितलं, "हो, कळलंय मला. त्याचं बजेट बंद झालंय. ॲडमिनला सांगितलंय, आज-उद्या कुठेतरी सोडून येतील."

"कुठं सोडतील?"

"नदीकाठी वगैरे. मोकळं वाटेल त्याला."

"मॅडम, त्याला लघवी होत नाही. त्याला नदीकाठी काय मोकळं वाटणार? तिथं कुत्री आहेत."

"दीपमाला, सध्या माणसांचं कसं करायचं ते कळत नाहीये. प्लीज."

संध्याकाळी ड्युटी संपल्यावर दीपमालाने पिंजरा उचलला आणि पुढच्या दाराने, सगळ्यांसमोर बाहेर पडली. हिंमतरावांनी अडवलं. "हे काय?"

"टाकायला सांगितलंय ना? मी टाकते."

हिंमतरावांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. कोणीतरी सांगितलं म्हणून ती आधी शनिवार पेठेतल्या एका जनावरांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी पिंजऱ्यात डोकावून चष्मा काढला. "आम्ही कुत्री पाहतो, मांजरं पाहतो, एकदा शेळी पाहिली. हे ज्यांनी आणलं, ते कुठे पाहतात?"

"ज्यांनी आणलं ते बघत नाहीत, म्हणून तुमच्याकडे आले."

"मग तुम्ही, मी आणि हा, तिघेही वाट चुकलो," डॉक्टर म्हणाले, पण एका कागदावर कॅम्पातला पत्ता लिहून दिला आणि फी घेतली नाही.

कॅम्पातल्या डॉक्टर आलिया इनामदार तरुण होत्या. त्यांनी पिक्सेलला टॉवेलात गुंडाळून पोट चाचपलं, एक्स-रे काढला आणि तो उजेडावर धरला. पोटाच्या खालच्या बाजूला तुरीच्या दाण्याएवढा पांढराशुभ्र ठिपका होता. मूत्राशयात खडा. तो निघाल्याशिवाय रक्त थांबणार नाही. सरकून वाट अडली तर लघवी पूर्ण बंद होईल, मग दोन दिवससुद्धा निघणार नाहीत. ऑपरेशन करावं लागेल. खर्च त्यांनी सांगितला. दीपमालाच्या पगाराच्या जवळजवळ दुप्पट होत होता.

"एवढ्याशा जिवाले?" दीपमाला उसळली. "माझ्या मायच्या मोतीबिंदूले इतके नाही लागले! ओंजळीत मावते तो!"

"ओंजळीत मावतो म्हणूनच," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "भुलीचं औषध थेंबभर जास्त झालं तरी जातो तो. माणूस लागतो, वेळ लागतो. माझी फी मी सोडते. पण भूल देणारे डॉक्टर, औषधं, नंतर इथे ठेवणं, ते मला सोडता येत नाही." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "नाहीतर सुई देऊन झोपवता येईल. त्याला त्रास होणार नाही. ते स्वस्त आहे."

स्वस्त. हा शब्द दीपमालाच्या कानात शिशासारखा उतरला. डॉक्टरांचा राग करावा तर त्यांनी खरं तेच सांगितलं होतं. दुखणं कमी व्हायचं औषध घेऊन ती बाहेर पडली, आणि बोपोडीपर्यंतच्या बसमध्ये पिंजरा मांडीवर घेऊन दात आवळून बसली. शेजारच्या बाईने विचारलं, "ससा का?" दीपमालाने पिंजरा आणखी जवळ ओढला.

रात्री शंभू हळूच म्हणाला, "दुसऱ्याचं जनावर आहे. आपल्या अंगावर कायले घेते?"

"दुसऱ्याचं आहे म्हणून तर!" ती ओरडली. "हौस होती तवा आणलं. मांडीवर घेतलं, मुके घेतले. वारा फिरला तं नदीवर टाका. माणसाईले बी तसंच, जनावराले बी तसंच. आन् खोके कोनाच्या समोरून जातात? माह्या! मी काय नुसती गळ्यातले पट्टे काढून घ्यायले बसली का?"

शंभू कंत्राटावरचा माणूस. त्याला यातलं सगळं कळलं. तो उठला आणि पिक्सेलच्या वाटीत पाणी घालून आला.

सोमवारी सकाळी गेटवर रांग लागली. पहिली मुलगी बॅग पुढे करून उभी राहिली. दीपमालाने बॅग तपासली, परत दिली आणि विचारलं, "पिक्सेलचे फोटो काढले होते ना तुम्ही?"

"हो... का?"

"त्याच्या पोटात खडा झालाय. ऑपरेशन आहे. फोटो काढले, आता पैसे काढा."

मुलगी आधी हसली, मग तिच्या लक्षात आलं की समोरची हसत नाहीये. तिने पर्स उघडली. पुढच्या दोघींनीही काही ना काही दिलं. चौथी म्हणाली, "मला उशीर होतोय." दीपमाला म्हणाली, "मांडीवर घेऊन बसत होत्या तेव्हा नव्हता होत." पुरुषांच्या रांगेतलाही एकेक जण मान वळवू लागला. "नवीन घ्या ना," एक जण म्हणाला, "पाचशेला मिळतो." दुसरा एक जण, गळ्यात टाय, म्हणाला, "या देशात माणसं उपाशी मरतात आणि तुम्ही उंदरासाठी वर्गणी मागता?"

"मग त्यांना द्या," दीपमाला म्हणाली. "काल किती दिले? परवा?"

मग तेजस नावाचा एक मुलगा पुढे आला. तो रोज पिक्सेलला पालक घालायचा. त्याने पाकीट रिकामं केलं. "खडा पालकामुळे होतो का?" त्याने हळूच विचारलं.

"डॉक्टर म्हणाल्या, रोज रोज दिला तर होऊ शकतो."

तेजसचा चेहरा पडला. तिने त्याला बरं वाटावं असं काहीही म्हटलं नाही.

दहाच्या आत पूर्णिमा मॅडमचं बोलावणं आलं. कंपनीच्या आवारात वर्गणी गोळा करता येत नाही. लोक मेल करताहेत. क्लायंटची माणसं येणार आहेत आज. कंपनीचं नाव खराब होतं.

"नाव मी खराब करते का?" दीपमाला म्हणाली. "तुमी जनावर आनलं. तुमी त्याचा फोटो कंपनीच्या कॅलेंडरवर छापला. तवा बजेट होतं. आता त्याले मुतता येत नाही तं बजेट नाही! काहून? मले सांगा, काहून?"

मॅडमनी दार लावून घेतलं. परत येऊन बसल्या तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. "मी तीनदा पैसे मागितले त्याच्यासाठी. वरून आले नाहीत. आणि पुढच्या महिन्यात मीसुद्धा खोका घेऊन तुझ्यासमोरून जाईन कदाचित." त्यांनी पर्समधून नोटा काढून टेबलावर ठेवल्या. गड्डी चांगली जाड होती.

दीपमालाने त्या उचलल्या. "हे तुमचे झाले. कंपनीचे कुठं आहेत?"

तिने उत्तराची वाटही पाहिली नाही, आभारही मानले नाहीत. मॅडमची कीव आली होती, आणि कीव आली याचाही तिला राग आला होता.

दुपारी हिंमतरावांनी तिला बाजूला घेतलं. "उद्यापासून फुरसुंगीच्या गोदामावर जायचं. आपल्या सिक्युरिटी एजन्सीकडून आलंय. मी बोललो, पण नोकरी वाचली एवढंच." ते जमिनीकडे बघत होते. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून एक घडी केलेली नोट काढली. "हे माझे. फोटो नाही काढला मी कधी. तरी."

तरीही थोडे कमी पडत होते. ते शंभूने वर्कशॉपात उचल घेऊन आणले. मंगळवारी ऑपरेशन झालं. दीपमाला फुरसुंगीहून दोन बस बदलून पोचली, तेव्हा पिक्सेल दिव्याखाली उबेत पडला होता. पोटावर टाके, डोळे अर्धे उघडे. डॉक्टर आलिया तीन दिवस त्याला सिरिंजने पेज भरवत होत्या, कारण हे जनावर खायचं थांबलं की मरतं. चौथ्या दिवशी त्याने आपणहून गवताची काडी ओढली. त्याने न ओरडता कागद ओला केला, तेव्हा डॉक्टरांनी दीपमालाला बोलावून तो कागद दाखवला. कागद साधा पिवळसर होता. दीपमाला त्याच्याकडे बघत राहिली. "इतकंच होतं तं," ती म्हणाली, "किती रडवलं."

"पुन्हा होऊ शकतो," डॉक्टरांनी बजावलं. "लक्ष ठेवावं लागेल."

ठेवलं. फुरसुंगीचं गोदाम म्हणजे धूळ, ट्रक आणि कचऱ्याचा वास. जाण्या-येण्यात तीन तास मोडायचे. रोज बसमध्ये ती कंपनीला शिव्या घालायची, मनातल्या मनात, कधी ओठ हलवून. घरी आल्यावर मात्र आधी पिंजऱ्याखालचा कागद बघायची.

दीड वर्षाने मंदी सरली. एक दिवस हिंमतराव गोदामावर आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि मग घसा खाकरून म्हणाले, "कंपनीत तो कोपरा पुन्हा सुरू करतायत. पूर्णिमा मॅडम गेल्या, नवे साहेब आहेत. त्यांना कुणीतरी सांगितलं, पिक्सेल अजून आहे म्हणून. ते म्हणतात, प्राणी कंपनीच्या मालकीचा आहे. परत आणून दे. तुलाही जुन्या गेटवर घेतील."

बोपोडीहून येरवडा अर्ध्या तासावर. दीपमालाने एक क्षण तो अर्धा तास डोळ्यांसमोर आणला. मग ती उठून उभी राहिली.

"साहेबाले सांगा, ज्या जनावराले नदीवर टाकलं ते नदीवर शोधा."

"अगं, नीट विचार कर."

"केला. दीड वर्ष बसमध्ये तोच करत होते." बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. ती फाटक उघडायला गेली आणि तिथूनच ओरडली, "आन् सांगा, मालकी पाहिजे असंन तं डॉक्टरचं बिल भरून जाय म्हणा आधी!"

निरोप तसाच पोचला की हिंमतरावांनी तो गाळून सांगितला, ते दीपमालाला कळलं नाही. कंपनीने पुढे त्या कोपऱ्यात काचेच्या पेटीत मासे ठेवले. चंद्रभागेने फोन करून सांगितलं, रंगीत आहेत, छान आहेत, लोक फोटो काढतात.

"काढू दे," दीपमाला म्हणाली. "पाणी कोण बदलते ते पाह्यत जाय तू."