टायमिंग चेनची खंडेनवमी

आमच्या आईने गाडीच्या टायमिंग चेनच्या चाकांची यथासांग पूजा केली आणि गाडी बंद पडली.

दोष आईचा नाही. (हे वाक्य तिने समोर बसून लिहून घेतलंय.) गाडी मूळची सदाशिव पेठेतल्या एका डॉक्टरांची. बाबा आयुष्यभर त्यांचे ड्रायव्हर. बाबा निवृत्त झाले तेव्हा डॉक्टरांनी ती जुनी गाडी त्यांनाच देऊन टाकली. बाबांची इच्छा एकच: दसऱ्याला त्याच गाडीतून, पण मागच्या सीटवर बसून, डॉक्टरांना सोनं द्यायला जायचं!

आणि नेमकं इंजिन खळखळायला लागलं.

"चेन झिजलीय. मिस्त्रीला बोलावतो," बाबा म्हणाले.

"मिस्त्री कशाला? घरात इंजिनियर आहे!" आई म्हणाली.

म्हणजे मी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. पदवी मेकॅनिकलची, नोकरी मात्र, तेव्हा सगळ्यांनाच लागत होती तशी, कॉम्प्युटरवरची. पाना धरून जमाना झाला होता, पण फ्रेम केलेल्या पदवीला गंज थोडाच चढतो!

ही चेन इंजिनातल्या एका लहान आणि एका मोठ्या दातेरी चाकाला जोडते. दोन्ही चाकांवरच्या खुणा जुळल्या, तरच इंजिन धडपणे चालतं. आमच्या खुणा केव्हाच पुसलेल्या. नव्या करायला घरात रंग सापडेना. देवघरात ओलं कुंकू होतं. दोन्ही चाकांवर एकेक ठिपका दिला (बुद्धी बघा!), जुनी चेन काढली आणि तसलीच नवी आणायला नाना पेठेत गेलो.

दिवस खंडेनवमीचा. यंत्रांच्या पूजेचा.

परत येतो तो इंजिनासमोर उदबत्ती! आणि चाकांच्या दातादातावर कुंकू!

"आई! हे काय केलंस?"

"तूच सुरुवात केलीस ना? जन्मात एकदा देवाचं काही केलंस, तेही अर्धवट! एकाच दाताला कुंकू? बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? चाकं फिरवून फिरवून लावलं हो, खालचे राहायला नकोत."

"आणि माझा ठिपका कुठला?"

"देवाला सगळे सारखे."

अंदाजाने चेन चढवली. दसऱ्याला बाबा कोट घालून, आपट्याची पानं घेऊन ऐटीत मागे बसले. मी किल्ली फिरवली. धडाम! पुन्हा फिरवली. धडाम, धडाम आणि धूर!

शेजारचे नेनेकाका गॅलरीतून म्हणाले, "दिवाळीला अवकाश आहे अजून."

"बाबा, उतरा. रिक्षाने जाऊ."

"उतरणार नाही," बाबा शांतपणे म्हणाले. "जन्मभर दुसऱ्यांसाठी हे दार उघडलं. आज आत बसलोय."

मी मागून ढकलायला लागलो. मग स्टिअरिंगवर कोण? आई!

"डावीकडे घे! अगं डावीकडे! घड्याळ बांधतात तो हात!" बाबा मागच्या सीटवरून ओरडले.

"घड्याळ कधी घेऊन दिलंत मला?"

नेनेकाका सोबत आले. चालायला. "कॉम्प्युटर कंपनीतसुद्धा हेच काम असतं का हो?" त्यांनी आपुलकीने चौकशी केली.

दोन गल्ल्या आणि एक चढ ओलांडून वरात डॉक्टरांच्या दारात थांबली. बाबा जागचे हलेनात. माझ्या लक्षात आलं. धापा टाकत पुढे गेलो आणि अदबीने दार उघडलं. तेव्हा कुठे साहेब उतरले.

"वा! मागे बसून आलात!" डॉक्टर खूश झाले. "आणि इंजिन काय म्हणतंय?"

बाबांनी माझ्या घामेजल्या पाठीवर थाप मारली.

"चढाला जरा धापा टाकतं, डॉक्टरसाहेब. पण पदवीधर आहे!"