रिकाम्या घरात ठेवलेली चावी

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. आमच्या मुलुंडच्या घरात देव्हारासुद्धा नाही. बाबांची सगळी नोकरी ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात झाली. लहानपणी मी भुताची गोष्ट सांगायला लागले की ते विचारायचे, "त्याचं वजन किती होतं?" झालं, संपलं भूत. अशा घरातली मी आज इथे हे लिहितेय... हसायचं तर हसा.

मी मालाडला एका जाहिरात कंपनीत कॉपी लिहिते. प्रकाशकांचे उंबरे झिजवून कंटाळले, तेव्हा ठरवलं की कादंबरी आपणच काढायची, तीही वेबसाइटवर, आणि लिहायला वाचकांनाच बसवायचं. कल्पना अशी — एक बिल्डिंग, दर मजल्यावर चार फ्लॅट. वाचकाने एक फ्लॅट घ्यायचा आणि आपल्या घरात काय चाललंय ते रोज लिहायचं. भांडणं, लग्नं, लोणची, सगळं आपोआप जमत जाणार. साइट बांधली रॉनीने. हा माझा कॉलेजपासूनचा मित्र, मरोळच्या गावठाणातला.

त्यातली माझी लाडकी आयडिया चावीची. आपण बाहेर जाताना शेजारी चावी ठेवतो ना, तसंच. 'बाहेर जातेय' हे बटण दाबलं की ज्याच्याकडे तुमची चावी, तो तुमच्या घरात शिरून तिथलं लिहू शकतो. 'घरी आले' दाबलं की त्याचं लिहिणं बंद. लोकांनी धमाल केली. एकाने शेजारणीच्या फ्रिजमधलं श्रीखंड फस्त केलं, तर तिने त्याचा पोपट सोडून दिला.

माझंही एक घर होतं, ३०२. चावी कोणाकडे तरी दिल्याशिवाय सिस्टिम पुढे सरकेना, आणि माझ्या घरात कोणाची लुडबुड मला नको होती. मग मी शहाणपणा केला. समोरचा ३०४ मी कोणालाच दिला नव्हता. चावी त्याच्याकडे टाकली.

रॉनी म्हणाला, "अगं, रिकाम्या घरात चावी कोण ठेवतं? माझी मम्मी ऐकेल तर मला मारेल."

मी म्हटलं, तू गप कोड लिही.

आता बाबांबद्दल. त्यांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेला, तेव्हापासून उजवा हात लुळा आहे आणि बोलणंही फार कमी झालंय. दुपारी बाई येऊन जेवण वाढायची, बाकी दिवसभर ते एकटेच. ऑफिसात माझा अर्धा जीव घरी असायचा. पण कादंबरीतल्या ३०२ मध्ये फक्त एक बाई राहत होती. बाबांना मी त्यात घातलंच नव्हतं, त्यांच्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं.

ऑफिसला निघताना मी रोज 'बाहेर जातेय' दाबायचे. एकदा ऑफिसात साइट उघडली, तर ३०२ मध्ये नव्या ओळी. "दार उघडलं. पंखा कमी केला. यांना गार वारा सोसत नाही." खाली लिहिलेलं — चावी ३०४. हा रॉनीचाच चावटपणा, म्हणून मी त्याला भरपूर शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी परत ओळी. "चष्मा फ्रिजमध्ये राहिला होता. काढून दिला." सकाळीच तो चष्मा मी घरभर शोधून दमून निघाले होते. संध्याकाळी बघते तर बाबांच्या नाकावर. कुठे सापडला विचारलं, तर म्हणाले, फ्रिजमध्ये.

रॉनीने सगळं उलटंपालटं करून पाहिलं. त्या ओळी लिहिणारं अकाउंटच नव्हतं. कुठून आल्या, कशावरून आल्या, काही पत्ता नाही. त्याने मम्मीची शपथ घेतली, आणि मम्मीची शपथ तो खोटी घेत नाही.

मग मी बाबांकडे नीट बघायला लागले. सकाळी त्यांना शर्ट मीच घालून देते. संध्याकाळी अंगात दुसराच असायचा, धुतलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. एका हाताने त्यांना ते जमत नाही. बाईला विचारलं, ती म्हणाली, मी कशाला हात लावू? शेवटी बाबांनाच विचारलं.

"ती लावते ना," ते म्हणाले. "समोरची."

आमच्या दारासमोर घर नाही. पाइपांच्या डक्टची भिंत आहे.

मी हॉलमध्ये कॅमेरा लावला. त्यात बाबा खुर्चीत बसून बोलत होते. माझ्याशी चार शब्द न बोलणारा माणूस मध्येच थांबून ऐकत होता, मान डोलवत होता. समोरची खुर्ची रिकामी. मला भीती वाटली, आणि खरं सांगू, जरा रागही आला. रॉनीला म्हटलं, साइट बंद कर. तो म्हणाला, लोकांनी एवढं लिहिलंय, ते उतरवून घेऊ आणि रविवारी करू.

रविवार आलाच नाही. एका दुपारी मीटिंगमध्ये फोनवर ओळ आली — "आज यांना माझ्याकडे घेऊन जाते. इथे एकटेच असतात."

मी मीटिंग सोडून बाहेर आले. घरचा फोन कोणी उचलेना. मी 'घरी आले' दाबलं. मी घरी असले की कोणाला लिहिता येत नाही, नियम माझाच होता. क्षणभर काहीच झालं नाही. मग ओळ उमटली.

"तुम्ही आलेल्या नाहीत."

रिक्षात बसले आणि रॉनीला ओरडून सांगितलं, आत्ताच्या आत्ता सगळं उडव. लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्ये मी, देव न मानणारी बाई, कोणाकोणाचा धावा करत होते ते मलाच माहीत.

पोचले तर आमचं दार सताड उघडं. बाबा बाहेर पॅसेजमध्ये, पायात चपला, भांग पाडलेला. डक्टच्या भिंतीकडे तोंड करून उभे. त्यांचा उजवा हात पुढे होता, कोणीतरी धरल्यासारखा. झटक्यानंतर तो हात कधी वर गेलेला नाही.

"बाबा, आत चला."

"थांब," ते म्हणाले. "ती दार उघडतेय."

मी त्यांना अक्षरशः ओढत आत नेलं, कडी घातली आणि ढसाढसा रडले. तो हात परत लुळा पडला होता.

साइट गेली. ज्यांचं लिखाण गेलं, त्यांनी मला माफ करा. डॉक्टर म्हणतात, झटक्यानंतर भास होतात. होत असतील. पण भास शर्टाची बटणं लावतो का? तेव्हापासून मी घरूनच काम करते. बाबा एक शब्द बोलत नाहीत, जेवतात आणि दाराकडे तोंड करून बसतात.

काल ऑफिसचा मेल आला, सोमवारपासून सगळ्यांनी यायचंय. जेवताना बाबांना सांगितलं. कितीतरी महिन्यांनी ते हसले.