सुताच्या खोलीतली कुत्री

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोनवर धाकटी म्हणाली, "आजी, कॅमेरा गेटकडे फिरव ना, बिस्किटवाली कुत्री बघायचीय." मागून तुमच्या बाबांचा आवाज आला, "अगं, ती वडप्याला गेली. शेतावर." मी कॅमेरा फिरवला नाही. मग थोरला तुमच्याकडच्या समुद्रकिनाऱ्याचे नियम सांगू लागला. कुत्रं फक्त सकाळी आणायचं, गळ्यात पट्टा, खिशात पिशवी. एका माणसाने दुपारी आणलं, तर रखवालदाराने त्याला नुसता बोर्ड दाखवला आणि तो सॉरी म्हणून परत गेला. मला हसू आलं. "यात हसण्यासारखं काय आहे?" थोरल्याने विचारलं.

तेच सांगायला हे लिहिते आहे. वडप्यात आता शेतं उरली नाहीत, गोडाऊनं झाली आहेत. दिवाळीत तुम्ही इथे याल तेव्हा गेटपाशीच ते खोटं उघडं पडेल, त्यापेक्षा आधी माझ्याकडून ऐका. हे मी इंग्रजीत लिहू शकले असते, शाळा-कॉलेज सगळं त्याच भाषेत झालं माझं. पण त्या दिवशी गल्लीत जे बोललं गेलं ते इंग्रजीत उतरवलं की सभ्य होऊन जातं. बाबांकडून वाचून घ्या. शिव्या मी गाळल्या आहेत.

आमच्याकडेही नियम आहेत. भटकी कुत्री मारायची नाहीत. महापालिकेच्या गाडीने ती न्यायची, ऑपरेशन करून कानाला खाच पाडायची आणि जिथून उचलली तिथेच परत सोडायची. त्यांना खायला घालायचं ते ठरलेल्या जागीच. आपल्या गल्लीची जागा ठरली सायझिंगच्या भिंतीपाशी. सायझिंग म्हणजे जिथे विणण्याआधी सुताला खळ लावतात तो कारखाना. उरलेली खळ बाहेर गटारात टाकतात आणि कुत्री ती चाटायला जमतात. तिथे पालिकेचा बोर्ड लागला. त्याच आठवड्यात कुणीतरी एका पिल्लावर कढत खळ ओतली. ते बोर्डाच्या खांबाभोवती फिरत राहिलं, आणि मेलं तेव्हा त्याची कातडी जमिनीला चिकटली होती. म्हणून हसले मी.

भिंतीला लागूनच सेठचा लूमचा कारखाना. सेठ माझ्याच वयाचे. कुटुंब मूळचं कोकण किनाऱ्याकडचं, पण इथे तीन पिढ्या विणकामात गेलेल्या. त्यांना कुत्र्याचा स्पर्श चालत नाही. लाळ लागली तर नमाजाआधी सगळं धुवावं लागतं, म्हणून पायजमा उचलून धरत, भिंतीला घासत ते त्या बोर्डावरून जात. जागा बदलावी म्हणून त्यांनी पालिकेत दहा खेटे घातले असतील. मी भाताचं पातेलं घेऊन आले की म्हणत, "मॅडम, आले बघा तुमचे व्याही. मानपान करा."

मी म्हणे, "सेठ, व्याही निदान गप्प जेवतात. तुमचे लूम तर जेवतानाही ओरडतात."

एवढंच आमचं बोलणं, रोजचं.

तो शुक्रवार होता. शुक्रवारी लूम बंद. एरवी त्या खडखडाटात गल्लीत कुणी मेलं तरी ऐकू येत नाही. शुक्रवारी सगळं ऐकू येतं. कामगार ओट्यांवर बसलेले. सेठ पांढरे कपडे घालून मशिदीकडे निघाले होते आणि मी पातेलं खाली ठेवत होते, तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतली तीन कुत्री आपल्या बिस्किटवालीवर आली. एकाने तिचा कान मुळापासून धरला, दुसऱ्याने पोट. ती गुरगुरत नव्हती, किंचाळत होती. सुटली ती आंधळ्यासारखी धावली आणि समोर जे आलं ते तिने धरलं. समोर सेठची पोटरी होती.

तिने सोडलं नाही. सेठ खाली पडले तरी सोडलं नाही. डोकं हलवत राहिली. पांढरा पायजमा गुडघ्यापासून घोट्यापर्यंत लाल झाला आणि मांसाचा एक तुकडा मला कापडातून बाहेर लोंबताना दिसला.

मग माणसं आली. लूमचे लाकडी दांडे कारखान्याच्या दारातच पडलेले असतात. पहिला घाव तिच्या पुढच्या पायावर बसला. हाड मोडल्याचा आवाज ओल्या फांदीसारखा आला. तिने पोटरी सोडली. दुसरा घाव डोळ्यावर. तिसऱ्यासाठी सहा-सात दांडे वर गेले होते.

मी मध्ये गेले. दयेने नव्हे, तेव्हा दया सुचत नाही. मला नियम आठवला. चावलेलं कुत्रं दहा दिवस बांधून ठेवायचं, नजरेखाली. ते जगलं तर माणसाला रेबीजचं भय नाही. मारून टाकलं तर काहीच कळत नाही. मी ओरडत होते, "मारू नका! मेली तर सेठला कळणार कसं?"

"देखो, हरा रंग है पीठ पे," एक जण म्हणाला. "सुई लगी हुई है. कुछ नहीं होगा. खतम करो."

पालिका यंदा लस टोचली की कुत्र्याच्या पाठीवर हिरवा पट्टा ओढत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तळवा हिरवा झाला. पालिकेचा रंग असा हाताला येत नाही. ती कापड रंगवण्याच्या डाईंगच्या गटारात लोळून आली होती. म्हणजे लस टोचली होती की नाही, देवालाच ठाऊक. मी हात वर करून सगळ्यांना दाखवला.

"बुढिया को हटाओ," कुणीतरी म्हणालं, आणि मला ढकललं. मी बोर्डाच्या लोखंडी खांबावर पडले. बाथरूममध्ये घसरून मनगट मोडलं असं तुम्हाला सांगितलं ना, ते मनगट इथे मोडलं.

तेव्हा सेठ बोलले. रस्त्यात बसले होते, दोन्ही हातांनी पोटरी आवळून. "दांडा खाली टाक. तू पण. पाय कुणाचा गेला? माझा. मग कुत्री माझी. माझ्या कुत्रीला हात लावाल तर उद्यापासून लूमला हात लावायचा नाही." मग माझ्याकडे बघून दात ओठ खात म्हणाले, "मॅडम, दहा दिवस ही मरता कामा नये. तुमच्या व्याह्यांपैकी आहे, तुम्ही सांभाळा."

पालिकेला फोन केला. जागा नाही, बांधून ठेवा म्हणाले. सोसायटीने गेटच्या आत घ्यायला नकार दिला. शेवटी सेठनेच कारखान्यातली सुताची खोली रिकामी करून दिली, जाळीच्या दाराची. एका कामगाराने तिला गोणीत घालून आत नेलं. जनावरांचा डॉक्टर येऊन तिच्या पायाला फळ्या बांधून गेला, डोळा काढावा लागला. सेठची जखम सरकारी दवाखान्यात साबणाने इतकी घासली की ते शिव्या देत होते. जखमेतच सुया मारल्या.

"सुया घेतल्यात ना, मग आता कशाला घाबरता?" मी विचारलं.

"तुम्ही नाही का घाबरणार?" ते म्हणाले. खरं होतं.

रोज सकाळी ते लंगडत यायचे आणि जाळीपासून हातभर लांब उभे राहायचे. "जिवंत?"

"जिवंत."

"पाणी प्याली?"

"प्याली."

"माझ्यासमोर पाजा."

मग मी डाव्या हाताने वाटी सरकवायची आणि आम्ही दोघं तिचं चाटणं बघत उभे राहायचो. पाणी नाकारलं की संपलं, हे दोघांनाही माहीत होतं. एका सकाळी तिने वाटीकडे पाहिलंच नाही. सेठ मटकन सुताच्या गोणीवर बसले. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले. घटकाभराने ती उठली आणि लपालपा प्याली. तिला फक्त झोप आली होती. सेठ म्हणाले, "नालायक," आणि भिंतीवर डोकं टेकून डोळे मिटले.

दोन-तीन दिवस उरले असताना भर दुपारी चार माणसं आली. त्यांच्या पुढे सेठकडेच काम करणारा एक विणकर होता. त्याच्या मुलीला वर्षभरापूर्वी कुत्र्याने गालावर फाडलं होतं. तिचा ओठ अजून वाकडा आहे. त्याने दगडाने कुलूप तोडलं. सेठने दांडा उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला. त्याचा ओठ फाटला, दात खाली पडला. त्याने सेठला गळ्याला धरून सूत गुंडाळलेल्या लोखंडी बीमवर आपटलं. सेठच्या पोटरीचे टाके तुटले आणि रक्त पुन्हा वाहू लागलं. आत कुत्री जाळीवर अंग आपटत होती, तीन पायांवर, मोडलेला पाय फळीसकट फरफटत. मी कुणाचा तरी शर्ट धरून ओढत होते. त्या माणसाचा ओठ फाटला तेव्हा मला बरं वाटलं होतं, तेही सांगते.

तोंडातलं रक्त थुंकत तो म्हणाला, "मेरी बच्ची के टाइम तुम्हारा रूल किधर था, मॅडम?"

मी म्हटलं, "तिला चावलेलं कुत्रं कुठे आहे?"

"मारा. मैंने मारा. उधरीच, पत्थर से."

"मग तिचं काय होणार, हे तुम्हाला कधी कळलं?"

बाकीचे तिघं त्याच्याकडे बघत होते. तो हळू आवाजात म्हणाला, "छे महीने. पानी का गिलास देता था और उसका मुँह देखता था. एक दिन वो बोली, नहीं पीना. मैंने उसको थप्पड मारा. जबरदस्ती पिलाया. खाँसते खाँसते नीली पड गयी." आणि हाताच्या उलट्या बाजूने त्याने ओठ पुसला.

सेठ जमिनीवरूनच म्हणाले, "ये पीती है. देखेगा?"

मी वाटी सरकवली. कुत्री कोपऱ्यात गेली, थरथरली, मग आली आणि प्याली. तो माणूस शेवटच्या थेंबापर्यंत बघत राहिला. मग तुटलेलं कुलूप उचलून सेठच्या हातात दिलं आणि निघून गेला. सेठने त्याला कामावरून काढलं नाही. त्यानेही पोलिसांत तक्रार केली नाही.

दहा दिवस झाले. अकराव्या सकाळी सेठ आले, त्यांनी जाळीतून पाहिलं आणि नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. मी विचारलं, "आता काय करायचं?"

"नियम काय म्हणतो तुमचा?"

"उचलली तिथेच सोडायची."

"मग सोडा की. माझ्या सुताला वास मारायला लागलाय."

जाळी उघडली. ती सेठच्या पायाजवळून गेली. त्यांनी पायजमा उचलून धरला. आमचा वॉचमन वडप्याचा, गेटातून बघत म्हणाला, "म्याडम, ही न्हाय टिकायची. पलीकडची कुत्री फाडून खातील." पलीकडची त्याच दुपारी आली. मी काठी घेऊन उभी होते. सेठही होते, दांडा घेऊन, हातभर लांब.

तर दिवाळीत तुम्ही आलात की तिला एक डोळा नसेल आणि पुढचा डावा पाय जमिनीला टेकणार नाही. धाकटीने दचकू नये म्हणून आधी सांगते. बिस्किट लांबून टाकायचं, हातातून नाही. त्या विणकराची मुलगी रोज संध्याकाळी तसंच टाकते, बापाचा हात धरून. बोर्ड कुणीतरी भंगारात विकला. खांब आहे, थोडा वाकलेला. सेठ जिवंत आहेत. कुत्री जिवंत आहे.