एका झऱ्यावरच्या दोन जावा

सासऱ्यांनी जमिनीची वाटणी केली तेव्हा पहिली निवड थोरल्या सुनेला दिली. "तू या घरात आधी आलीस, तूच सांग," ते म्हणाले, आणि तिने फारसा विचार न करता रस्त्यालगतचा खालचा तुकडा मागून घेतला. चिंचोळा होता, पण सपाट. झऱ्याचं पाणी कुंपणाला लागून वाहायचं आणि बाजार हाकेच्या अंतरावर. धाकटीच्या वाट्याला वरचा उतार आला. तिथे खडक, झाडी, वारा आणि धाप लागावी अशी चढण, एवढंच होतं. थोरलीने त्या दिवशी जावेची समजूतही घातली. "होईल गं सगळं नीट," असं म्हणताना ती मनात स्वतःच्या हुशारीवर खूश होती.

खालच्या तुकड्यावर तिने लाँड्री टाकली. कामाला वाघ होती. कपडा हातात घेतला की डाग चहाचा की गंजाचा ते ओळखायची, आणि तिच्या इस्त्रीची घडी दोन दिवस पेटीत राहिली तरी मोडत नसे. नवरा जीप चालवायचा. भाडं सोडून परतताना गावातले कपडे गोळा करून आणायचा. संसार नीट चालला होता.

मग घाटातला रस्ता रुंद झाला आणि घाटाखालची माणसं थंड हवा खायला वर येऊ लागली. त्यांना बाजार नको होता, सपाट जागा नको होती. त्यांना दरीचा देखावा हवा होता, आणि अख्ख्या गावात तो धाकटीच्या खडकावरून दिसायचा तसा दुसरीकडून दिसत नव्हता. धाकट्या दिराने आधी दोन खोल्या बांधून लॉज काढला, मग वर मजला चढवला, मग दर्शनी भागाला काचेच्या मोठ्या खिडक्या लावल्या. संध्याकाळी त्या काचांवर ऊन पडलं की ते थेट थोरलीच्या इस्त्रीच्या टेबलावर यायचं. ती पाठ फिरवून इस्त्री करायला शिकली.

धाकटी खडूस असती तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या. पण ती होती गोड बोलणारी, सगळ्यांची विचारपूस करणारी. लॉजच्या सगळ्या चादरी तिने थोरलीकडे धुवायला टाकल्या. "ताई, तुमच्याशिवाय मी कुणाच्या हातात देणार नाही," ती म्हणायची. थोरली हसून गाठोडं घ्यायची. दार लागलं की नवऱ्याला म्हणायची, "बघा, मी आता हिची धोबीण झाले."

"काम मिळतंय ना?" नवरा म्हणायचा.

"मिळतंय. तेच तर दुखतंय."

"वरचा तुकडा तू मागितला असतास तर?"

हा प्रश्न निघाला की ती उठून ताट वाढायला घ्यायची. नवऱ्याला त्या रात्री पानात भाजी कमी पडायची.

लॉजला खोल्या अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा धाकटीने मागच्या बाजूला नवी इमारत काढायचं ठरवलं. नगरपालिकेने परवानगी दिली. गावातले बहुतेक लोक खूश होते, कारण पोरं कामासाठी गाव सोडून जात होती आणि लॉज वाढला तर चार जणांना इथेच काम मिळणार होतं. मागची झाडी तोडायला यंत्र आलं. त्या झाडीच्या पोटातूनच झरा निघत होता, पण तिकडे कुणी फारसं बघितलं नाही.

यंत्र चालू झाल्यावर काही दिवसांतच एका सकाळी थोरलीने हौदातून चादरी उपसल्या, तर सगळ्या तांबूस. झऱ्याचं पाणी चिखल घेऊन आलं होतं. तिने एक चादर उलगडून उजेडात धरली. कोपऱ्यात लॉजचं चिन्ह विणलेलं होतं आणि त्याच्याभोवती मातीचे ओघळ. अख्खा दिवस वाया गेला होता, तिला राग यायला हवा होता. रागाच्या आधी तिला जे वाटलं ते आनंदासारखं होतं, आणि हे तिचं तिलाच कळलं.

वर जाऊन जावेला सांगायला पाच मिनिटं लागली असती. ती चढण चढलीच नाही. ओली चादर बादलीत घालून ती मास्तरांकडे गेली. मास्तर निवृत्त होते, झरा वाचवा म्हणून वर्षानुवर्षं अर्ज करत होते आणि गाव त्यांना हसत होतं.

शाळेच्या सभागृहात सभा भरली. मास्तर झाडांच्या मुळांबद्दल, जमिनीत मुरणाऱ्या पाण्याबद्दल बोलत राहिले आणि लोक जांभया देत राहिले. मग थोरली उठली. तिने चादर दोन्ही हातांनी उंच धरली. मागच्या बाकावरच्यालासुद्धा ते चिन्ह ओळखता आलं.

"हे पाणी आपण सगळे पितो," ती म्हणाली, आणि खाली बसली.

नगराध्यक्षाबाईंनी त्याच सभेत काम थांबवलं आणि पाहणीसाठी समिती नेमली. बाहेर बायका थोरलीभोवती गोळा झाल्या. कुणी तिला 'झऱ्याची ताई' म्हटलं आणि ते नाव गावभर झालं. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच लोक वरच्या जावेला सोडून खालच्या जावेबद्दल बोलत होते. थोरलीला त्या रात्री छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी धाकटी खाली आली. डोळे सुजलेले होते, आवाज चढलेला नव्हता.

"ताई, पाणी गढूळ येतंय हे मला आधी का नाही सांगितलंत? मी काम थांबवलं असतं."

थोरली शर्टाची कॉलर इस्त्री करत होती. धाकटी खरं बोलत होती हे थोरलीला पक्कं माहीत होतं. कॉलर झाल्यावर तिने बाह्या घेतल्या. बाह्या होईपर्यंत धाकटी निघून गेली होती.

समिती झऱ्याच्या उगमापासून पाहणी करत खाली निघाली. वर तोडलेली झाडं, उघडी पडलेली माती, सगळं टिपून घेतलं. थोरली पुढे पुढे चालत एकेक गोष्ट दाखवत होती. लाँड्रीपाशी आल्यावर तिने सगळ्यांना चहा दिला. तिला वाटलं, पाहणी संपली.

"अजून खालचा भाग राहिलाय," समितीतली पाणी तपासणारी बाई म्हणाली.

लाँड्रीच्या खाली झऱ्याच्या ओढ्यावर साबणाचा फेस तरंगत होता. दगडांवर पांढरट थर चढला होता. वरच्या अंगाला काठाने हिरवं गवत होतं, खाली गवताची काडी नव्हती. थोरलीने हे रोज पाहिलं होतं. पाहिलं होतं म्हणजे डोळ्यांसमोर होतं, इतकंच. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधताना स्वतःचं मुसळ असं सगळ्यांसमोर निघालं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

निर्णय व्हायला वेळ लागला, भांडणंही झाली. जीपवाल्यांना लॉज हवा होता, मास्तरांना एकही वीट नको होती. शेवटी ठरलं ते असं: झऱ्याच्या वर नवीन बांधकाम नाही, आहे तो लॉज राहील, तोडलेल्या जागी धाकटीने दगडी बांध घालून झाडं लावायची. आणि लाँड्रीचं पाणी खडी, वाळू आणि कर्दळीच्या वाफ्यातून गाळल्याशिवाय ओढ्यात सोडायचं नाही. तोवर लाँड्री बंद.

वाफ्याला जागा हवी होती आणि थोरलीचा तुकडा होता चिंचोळा. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला ओढा. स्वतःच्या हाताने निवडलेला. लाँड्रीला कुलूप लागलं. थंड पडलेल्या इस्त्रीकडे बघत ती दिवसभर बसून राहायची.

ओढ्याच्या पलीकडची पट्टी धाकटीच्या उताराचं शेपूट होती. एका दुपारी धाकटी आली आणि दारातूनच म्हणाली, "ती पट्टी घ्या वाफ्याला. मला तिचा काही उपयोग नाही."

"फुकट नको मला," थोरली म्हणाली.

"मग बदल्यात काय द्याल?"

थोरलीने अंगणाकडे पाहिलं. "माझ्या अंगणाच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यावर तुझ्या लॉजची पाटी लाव. माणसं वळण चुकतात म्हणून तू कुरकुरत असतेस ना."

"चालेल."

"आणि त्या दिवशी..." थोरली अडखळली. "सांगायला हवं होतं मी. मुद्दाम नाही सांगितलं."

"माहीत आहे मला," धाकटी म्हणाली. ती तिथेच पायरीवर टेकली. तिने माफ केलं की नाही ते थोरलीला कळलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही.

गावभर मात्र एकच बोलणं झालं: धाकटी किती मोठ्या मनाची, बघा, जमीन देऊन टाकली. पाटीची गोष्ट कुणाच्या लक्षात राहिली नाही. देणारीचा हात पुन्हा वरच राहिला. थोरलीचा जळफळाट झाला. नवरा म्हणाला, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा." त्यावर ती बऱ्याच दिवसांनी हसली, पण पीळ होता तिथेच होता.

वाफा तिने स्वतः केला. खडी पसरली, वाळू चाळली, कर्दळीचे कंद लावले. कुलूप निघालं. फेसाचं पाणी एका टोकाने आत जायचं आणि दुसऱ्या टोकाने नितळ होऊन बाहेर पडायचं. पुढच्या वर्षी कर्दळ माणसाच्या छातीएवढी झाली आणि तांबड्या-पिवळ्या फुलांनी नुसती पेटली. वरचे पाहुणे फिरायला खाली उतरू लागले. देखावा बघून झाला की लोकांना आणखी काहीतरी बघायचंच असतं.

एकदा धाकटी स्वतः खाली आली. बांधावर लावलेली झाडं हळू वाढत होती, वर अजून उघडंबोडकंच दिसत होतं. ती वाफ्यापाशी बराच वेळ थांबली. फुलांवरून तिची नजर हलत नव्हती. ती नजर थोरलीने बरोबर ओळखली. इतकी वर्षं ती स्वतःच तशी वर बघत आली होती.

"ताई, थोडे कंद द्याल? वर लावीन म्हणते."

"घे की," थोरली म्हणाली आणि खुरपं घेऊन वाफ्यात उतरली. कडेचे बारीक, किडके कंद निवडून तिने पिशवीत भरले. धाकटीने न बघता पिशवी घेतली आणि चढणीला लागली.

ती वळणापर्यंत पोहोचली तेव्हा थोरलीने मधला एक जाडजूड कंद उपटला, पदराने माती पुसली आणि तिला थांबायला सांगितलं. एकच दिला. दुसरा द्यायचं तिच्या मनात आलं होतं, पण तो तिने ठेवून घेतला.