छतावरचं लग्न

माझ्या वडिलांना पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचायचा भारी नाद होता. बातम्या नंतर, आधी जाहिराती. पोस्टानं मागवलेल्या वस्तूंचा एक अख्खा खण आमच्या कपाटात होता आणि त्यातली एकही वस्तू महिनाभरापेक्षा जास्त चालल्याचं मला आठवत नाही. नव्वदच्या आसपास त्यांनी ‘घरच्या टीव्हीचं थिएटर करा’ अशी जाहिरात वाचली आणि आमच्याकडे प्रोजेक्टर आला. आम्ही त्याला प्रोजेक्टर म्हणायचो, इतकंच. खोक्यात बशीएवढं एक जाड भिंग होतं, घडी घालून पेटी करायचे काळे पुठ्ठे होते आणि इंग्रजीत एक कागद होता. टीव्ही आपलाच वापरायचा होता.

बाबा डहाणू रोड स्टेशनवर पार्सल ऑफिसात होते. दिवसभर चिकूच्या करंड्या मोजून आलेला माणूस संध्याकाळी पुठ्ठे आणि डिंक घेऊन बसला. टीव्हीच्या तोंडावर पेटी बसवली, पेटीच्या दुसऱ्या टोकाला भिंग लावलं, दिवे मालवले. समोरच्या भिंतीवर खरंच चित्र उमटलं, पण खाली डोकं वर पाय. कागदात त्यावर उपाय दिला होता, टीव्हीच उलटा करा. मग बाबांनी आणि शेजारच्या काकांनी मिळून टीव्ही उचलला आणि उशीवर डोक्यावर उभा केला. आता माणसं पायांवर आली. अंधुक होती, कडेकडेनं विरघळल्यासारखी दिसत होती, पण चांगली दारभर मोठी होती. क्रिकेटची मॅच चालू होती. काकांची बोर्डीला चिकूची वाडी होती आणि घरची भाषा गुजराती. ते दोन षटकं शांतपणे बघत राहिले आणि मग म्हणाले, “भाऊ, आ तो बधा डाबा हाथना छे! अख्खी टीम डावखुरी आणली कुठून?”

खरंच होतं. डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे गेलं होतं. पाटीवरची अक्षरंसुद्धा उलटी होती. बाबांनी कागद पुन्हा पुन्हा वाचला. त्यावर याबद्दल चकार शब्द नव्हता. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “आता आणलंच आहे तर उन्हात धरा ते भिंग. पापड तरी भाजून निघतील.” मी आईचीच मुलगी. मीही दोन-चार टोमणे मारून घेतले. प्रोजेक्टर खोक्यात आणि खोकं त्या खणात गेलं.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं, मेच्या सुरुवातीचं. मुलगा तलासरीला शाळेत विज्ञान शिकवायचा. लग्नाला आठ दिवस राहिले असताना आई माळ्यावरची पितळी परात काढायला स्टुलावर चढली. मी म्हटलं होतं, मी काढते. तिनं ऐकलं नाही, कारण मी काढली असती तर तिच्यामागची घंगाळी पडली असती असा तिचा माझ्यावर विश्वास होता. स्टूल सरकलं. परातीला काही झालं नाही. आईच्या मानेच्या मणक्याला बारीक चीर गेली.

डॉक्टरांनी सांगितलं, दोन महिने उताणं झोपून राहायचं. बसायचं नाही, कुशीवर वळायचं नाही, मान तर हलवायचीच नाही. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या. तिला दिसायचं ते फक्त छत, आणि कुणी तिच्यावर वाकलं तर त्याचं तोंड.

लग्न पुढे ढकलायचं का, यावर तिच्या खाटेपाशीच बोलणं झालं. पुढे चातुर्मास लागणार होता. हॉल ठरलेला, पत्रिका वाटलेल्या. शेवटी आईच म्हणाली, “काही ढकलायचं नाही. मी काय मेले नाहीये.” तिनं असं म्हणावं हे तिला शोभलंच. पण मी काय म्हटलं? मी म्हटलं, “बरं.” एकदाही म्हटलं नाही की आई, तुझ्याशिवाय मला लग्न करायचं नाही. मला लग्न करायचं होतं, त्याच दिवशी करायचं होतं, आणि ढकलू नका असं तिनं म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. मी तिच्यावर वाकलेलीच होते. त्या ‘बरं’ची मला आजही लाज वाटते.

हॉल घरापासून पाच मिनिटांवर होता. बँड तिला ऐकू गेला असेल, जेवणाच्या पंगतींचा आवाजही गेला असेल. तलासरीला निघण्याआधी शालू-मुंडावळ्यांसकट मी तिच्या पाया पडायला घरी गेले. तिच्या तोंडावर वाकले तेव्हा तिनं मला नीट निरखलं आणि म्हणाली, “नथ वाकडी झालीये. सरळ कर. गाडीत खिडकीशी बसू नकोस.”

त्यानंतर मी दर रविवारी एसटीनं डहाणूला यायचे. आई सगळं विचारायची. सासूबाई कशा आहेत, पाणी किती वाजता येतं, डाळीत गूळ घालतात की नाही. लग्नाबद्दल मात्र एक अक्षर नाही. हॉल कसा सजवला होता, कोण आलं होतं, कोण रुसलं, काही नाही. जिला शेजारच्या मुंजीतल्या पंगतीत कितीदा कोशिंबीर वाढली ते पाठ असायचं, ती माझ्या लग्नाबद्दल गप्प होती. मी विषय काढला की ती पाणी मागायची. फोटो आले. मी अल्बम तिच्या तोंडावर धरला. दोन पानं बघून ती म्हणाली, “छान. फोटोत सगळेच हसतात.” मी अल्बम मिटला.

माझी खात्री झाली की तिच्या मनातून मी उतरले. मान बरी होईल, पण हे काही बरं होणार नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आजारपणात माणूस असं वागतं. माझ्या आईला तो तेव्हा किती ओळखत होता? महिनाभर.

मग व्हिडिओ कॅसेट आली. तलासरीला सासरी सगळ्यांनी मिळून ती बघितली, छोट्या टीव्हीवर, चिवडा खात, प्रत्येक जण आपापला चेहरा शोधत. मीही साडी कशी दिसते एवढंच बघितलं. आईला टीव्ही दिसणार कसा? तो पायथ्याशी ठेवा नाहीतर उशाशी, तिला वरचं छतच दिसणार. मी म्हटलं, सध्या तुला छतच दिसतं, बसायला लागलीस की बघ. तर म्हणाली, “बघू.” पण बाबांच्या डोक्यात छत हा शब्द बसला. पुढच्या रविवारी मी नवऱ्याला घेऊन पोचले तेव्हा खणातलं खोकं बाहेर आलेलं होतं आणि बाबांच्या बोटांना डिंक लागलेला होता.

दुपारची वेळ होती. खिडक्यांवर गोधड्या टांगल्या. पंख्याची पाती चित्राच्या मधे येत होती म्हणून आईची खाट उचलून भिंतीकडे सरकवली आणि पंखा बंद केला. भाड्यानं आणलेला व्हीसीआर जोडला. टीव्ही जमिनीवर पाठीवर झोपवला, त्याच्यावर पेटी, पेटीवर भिंग. जून लागला होता, पाऊस अजून नव्हता. बंद खोलीत आम्ही सगळे घामानं निथळत होतो आणि मी आईला वारा घालत होते. ती म्हणाली, “कशाला हे उपद्व्याप?” पण डोळे उघडे ठेवून ती वर बघत होती.

छतावर हॉल उमटला. छताला ओल येऊन गेल्याचा एक डाग होता, तो बरोबर भटजींच्या पोटावर आला. अंतरपाट दूर झाला. मी हार घालायला हात वर केले, लोकांनी अक्षता टाकल्या, आणि आईनं डोळे गच्च मिटून घेतले.

“बंद करा ते,” ती म्हणाली. “डाव्या हातानं अक्षता टाकतायत सगळे. भटजीसुद्धा डाव्या हातानं. असलं अशुभ मला नाही बघायचं.”

बाबांचं तोंड एवढंसं झालं. छतावर टाकलं की चित्राचा दोष जाईल, असं त्यांनी धरून चाललं होतं. डावखुरे क्रिकेटवाले ते विसरूनच गेले होते, आणि मीही. आमच्या घरात डाव्या हातानं कुणी कुंकवाची कोयरीसुद्धा पुढे करत नसे, आणि आम्ही तिला तिच्या मुलीचं अख्खं लग्न डाव्या हातानं लावून दाखवत होतो. माझा संताप झाला. बाबांवर, त्या भिंगावर, स्वतःवर. मी गोधड्या ओढून काढायला उठले.

माझा नवरा तोवर कोपऱ्यात बसून होता. जावई म्हणून त्याला अजून कुठे हात लावायचा नि कुठे नाही ते कळत नव्हतं. तो हळूच म्हणाला, “एक आरसा लागेल. मोठा.” मी त्याच्याकडे रागानंच बघितलं. तो कागदावर रेघा काढून दाखवायला लागला, तेव्हा बाबा म्हणाले, रेघा राहू देत, आरसा कुठे ठेवायचा ते सांगा. आईच्या कपाटाच्या दाराचा आरसा स्क्रू काढून सोडवला. टीव्ही पुन्हा टेबलावर सरळ बसवला, समोर पेटी, पेटीच्या पुढे आरसा तिरका टेकवला. भिंगातून निघालेलं चित्र आरशावर आपटून वर गेलं. एक उलट भिंगानं केलं होतं, दुसरं आरशानं केलं आणि सगळं सुलट झालं. दोन-तीनदा इकडेतिकडे सरकवल्यावर माणसांचे पाय आईच्या पायांकडे आले.

बाबांनी कॅसेट अक्षतांपर्यंत मागे नेली आणि मी तिच्या कानाशी म्हटलं, “आई, उघड डोळे. उजव्या हातानं टाकतायत.”

तिनं आधी एक डोळा उघडला. मग दोन्ही. मग ती बघतच राहिली. चित्र आधीपेक्षाही अंधुक झालं होतं. खरं सांगायचं तर वस्तू म्हणून तो प्रोजेक्टर टाकाऊच होता. मधला गोल तेवढा स्वच्छ, बाकी धुकं, आणि आवाज टेबलावरून नि माणसं डोक्यावर. कुणी विचारलं असतं तर मी घेऊ नका असंच सांगितलं असतं. पण मधल्या गोलात जो येई त्याचा चेहरा परातीएवढा दिसे.

कन्यादान आलं. आई नाही म्हणून बाबांच्या शेजारी तिचा पाट मांडला होता आणि भटजींनी त्यावर तांदळाची लहानशी रास करून सुपारी ठेवली होती. हे आईला कुणी सांगितलेलं नव्हतं. बाबा खाटेपाशी उभे होते, ते एकदम खिडकीवरची गोधडी सारखी करायला गेले.

“म्हणजे मी सुपारी झाले होते,” आई म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता, पण तोंडाचा कोपरा जरा हलला.

छतावर बाबांनी हातावर पाणी सोडलं. विधी संपत आला. तेवढ्यात मांडवातलं कुणीतरी वाकून तो पाट उचलायला लागलं. व्हिडिओवाल्याला माणूस नसलेला पाट फ्रेममध्ये नको असेल, त्याचा हात कडेनं तसं खुणावत होता. आणि मधल्या गोलात, चांगला हातभर लांब असा माझा हिरव्या बांगड्यांचा हात आला आणि पाटावर घट्ट बसला. मी मान हलवून नाही म्हणत होते. त्या माणसानं पुन्हा ओढलं. मी पाट सोडला नाही. भटजी माझ्याकडे बघत होते, नवरदेव बघत होता, आणि मी खाली बघत पाट धरून बसले होते. शेवटी तो माणूस गेला. हात तिथंच राहिला.

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. सासरी बघताना ते मला दिसलंही नव्हतं, छोट्या टीव्हीवर तो हात बोटाएवढा असेल. मी वारा घालायचं थांबले होते.

“मागे घ्या जरा,” आई म्हणाली.

बाबांनी कॅसेट मागे घेतली. हात पुन्हा आला, पुन्हा पाटावर बसला. “परत,” ती म्हणाली. तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा माझ्यानं छताकडे बघवेना, मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिच्या डोळ्यांतून पाणी दोन्ही बाजूंनी ओघळून वाळूच्या पिशव्यांवर जात होतं. तिला ते पुसताही येत नव्हतं. मी पदरानं पुसलं आणि तिथंच, नवऱ्यासमोर आणि बाबांसमोर, मोठ्यानं रडले. “मी तेव्हा नको म्हणायला हवं होतं गं,” एवढंच मला म्हणता आलं.

“वेडी आहेस,” आई म्हणाली. “ऊठ आता, त्या खिडक्या उघड. जीव गुदमरला माझा.” मी उठले, गोधड्या काढल्या, पंखा लावला. छतावरचं लग्न उजेडात विरून गेलं. आईनं डोळे मिटले होते. मला वाटलं, झोपली.

“जिलेबी कशी झाली होती?” तिनं विचारलं. “कुरकुरीत होती की मऊ पडली? आणि बस इथं, पहिल्यापासून सांग.”